घोडीत चौघांचा वाटा आहे. मालक-ट्रेनर संघटनेचं सभासद व्हावं का?

निपाणीचा_दत्ता
मंडळी नमस्कार. विषय जरा वेगळा आहे, आधीच हसू नका.

आम्ही चौघा मित्रांनी (दोघं तंबाखूच्या व्यापारातले, एक बेंगळुरात नोकरीला आणि मी) मिळून शर्यतीच्या एका घोडीत भागीदारी घेतली आहे. घोडी बेंगळुरात ट्रेनरकडे असते. दर महिन्याला बिल येतं, ते भरतो, आणि घोडी पळाली की मोबाइलवर बघतो. इथवर ठीक होतं. आता ट्रेनर म्हणतो, मालकांच्या संघटनेचे सभासद व्हा. वर्गणी किती ते लगेच सांगितलं. त्या बदल्यात काय मिळतं, हे विचारलं की 'फायदा असतो ओ' एवढंच उत्तर.

दुसरीकडे आमच्या भागात जत्रेच्या शर्यतीत घोडागाडी पळवणारी जी मंडळी आहेत, त्यांनाही आता संघटना काढायची आहे. घोड्यांचे मालक आणि घोडी तयार करणारे, दोघांची मिळून एकच. सेक्रेटरी मी व्हायचं म्हणे, कारण 'तुझं बेंगळुरात घोडं हाय'.

माझं मत असं की मालक आणि ट्रेनर एका संघटनेत नसावेत. ज्याचं बिल आपण भरतो त्याच्याच मांडीला मांडी लावून 'बिलं फार वाढली' असा ठराव कसा करणार? जाणकारांनी बोलावं. बेंगळुरात सभासद व्हावं का, आणि गावात ही भानगड गळ्यात घ्यावी का?

टिळकवाडीचे_मामा
चौघांत घोडी म्हणजे प्रत्येकाचा एक पाय. शेपटी कुणाच्या नावावर?

चंदीवाला
शेपटी ट्रेनरची ओ मामा. तोंड पण त्याचंच, खायाला.

कुंदाप्रेमी
जागा धरून बसलोय. चालू द्या.

पुण्यातली_बेळगावकरीण
दत्तादादा, तुम्ही तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करताय असं वाटतं. मी मूळची शहापूरची, लग्नानंतर पुण्यात. सासरी घोडे पाळायचा नाद जुना, म्हणून हे सगळं रोज कानावर पडतं.

पहिली गोष्ट क्लबचं सभासदत्व. टर्फ क्लबचा मेंबर असणं म्हणजे स्टँडमध्ये बसायला जागा, क्लब हाउस, आणि मुख्य म्हणजे क्लबच्या सभेत मत. हे महाग असतं, सहज मिळतही नाही, आणि घोडा बाळगायला त्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट मालक म्हणून नोंदणी. ही तुमची झालेली असणारच, नाहीतर घोडी तुमच्या नावावर पळालीच नसती. अर्ज करायचा, आर्थिक कागद द्यायचे, स्टुअर्ड मंडळींनी (क्लबचे शर्यतीचे नियम राबवणारे अधिकारी) मान्यता द्यायची, भागीदारीचा करार नोंदवायचा. जॉकीच्या अंगातल्या रेशमी सदऱ्याचे रंगही नोंदवलेले असतात. दुसऱ्या मालकाचे रंग तुम्हाला घेता येत नाहीत.

तिसरी गोष्ट ही संघटना. ती पूर्ण ऐच्छिक. क्लब वेगळा, संघटना वेगळी. क्लब शर्यती भरवतो, नियम करतो, दंड करतो. त्या क्लबसमोर मालकांची बाजू मांडायला संघटना. बक्षिसाची रक्कम, पागेचं भाडं, डॉक्टरी खर्च, हंगामाच्या तारखा, असले विषय.

फरक कुठे जाणवतो त्याचं उदाहरण देते. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा पार्कसाठी द्यायची की नाही, यावर २०२४ साली क्लबच्या मेंबरांचं मतदान झालं. ज्यांचे घोडे रोज पहाटे त्या मातीवर पळतात पण जे स्वतः मेंबर नाहीत, त्यांना मत नव्हतं. अशा वेळी एकट्या मालकाचं पत्र कुणी वाचत नाही, संघटनेचं निदान टेबलावर तरी येतं.

आणि तुमच्या मुख्य शंकेचं उत्तर: बेंगळुरात मालकांची संघटना वेगळी आणि ट्रेनरांची वेगळी आहे. तेव्हा मांडीला मांडी लागायची भीती तिथे नाही.

निपाणीचा_दत्ता
ताई, हे इतकं स्वच्छ आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. रंग आमचे नोंदलेत, हिरवा आणि पिवळा. भगवा सुचवला होता एकानं, तो वाद तिथेच थांबवला.

बेरकी
बरं केलंत. बेंगळुरात भगवा आणि निपाणीत लाल-पिवळा, दोन्हीकडे मोर्चा निघाला असता.

घोडीचं नाव काय ठेवलंय?

निपाणीचा_दत्ता
नाव इथे नको. आम्ही घ्यायच्या आधीच ठेवलेलं होतं, इंग्रजी आहे.

पुण्यातली_बेळगावकरीण
नावालाही नियम आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिल्यावर मोकळ्या जागा धरून १८ अक्षरांच्या वर जाता येत नाही.

टिळकवाडीचे_मामा
मग पुढच्या घोड्याचं नाव 'सीमाप्रश्न' ठेवा, बसतंय.

बेरकी
मामा, नको. २००४ सालापासून सुप्रीम कोर्टात उभा आहे. गेटमधनं बाहेर पडणार नाही तो.

कॅम्पातला
अवांतर: आपल्या बेळगावातही रेसकोर्स आहे की. हनुमाननगरकडं, गोल्फच्या मैदानाला लागून. घोडं मात्र तिथं एकही दिसत नाही, सगळे शुगरवाले आणि गुडघेवाले फेऱ्या मारत असतात, त्यात मीपण. २०२२ च्या ऑगस्टात त्या झाडीत बिबट्या शिरला, शाळा बंद ठेवल्या, पकडायला हत्तीसुद्धा आणले. तेवढे दिवस आमची चाल रेसच्या घोड्यासारखी होती.

खानापुरी
कोल्हापुरातपण रेसकोर्स नाका आहे. रिक्षावाल्याला विचारा रेसकोर्स कुठाय, तो नाकाच दाखवतो.

रावसाहेब_अथणी
मूळ मुद्द्याकडे येतो. दत्ता, तुझ्या मताशी मी सहमत नाही.

मालक आणि ट्रेनर यांची भांडणं असतातच. बिल, कुठल्या शर्यतीत नाव घालायचं, कुठला जॉकी बसवायचा. पण मोठं संकट आलं की दोघांचं पोट एकाच ठिकाणी आहे. २०२४ साली कर्नाटक सरकारनं बेंगळुरूच्या शर्यतींचा परवाना रोखला. क्लब कोर्टात गेला, आणि त्याच्या बरोबरीनं मालकांची, ट्रेनरांची, जॉकींची संघटनाही गेली. जूनमध्ये हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी शर्यतींना मुभा दिली, चार दिवसांत खंडपीठानं तिला स्थगिती दिली. त्या काळात घोडी काय उपाशी राहिली? दाणा-वैरण चालूच, मोतद्दाराचा (घोड्याची देखभाल करणाऱ्या माणसाचा) पगार चालूच, आणि बक्षीस शून्य. ज्यांच्याकडं संघटना होती त्यांना कोर्टात उभं तरी राहता आलं.

दुसरं, कर. बक्षिसाचा पैसा मुख्यतः पैजेच्या उलाढालीतून क्लबला जे कमिशन मिळतं त्यातून येतो. पैजेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. उलाढाल क्लबच्या खिडकीवरून उठून चोरट्या बुकीकडं गेली की कमिशन आटतं, कमिशन आटलं की बक्षीस आटतं, आणि मालकानं घोडा विकला की ट्रेनरचं ठाण रिकामं. हे दिल्लीत जाऊन सांगायला एकटा दत्ता जाणार आहे का?

खानापुरी
रावसाहेब, एवढं सगळं बोललात, पण हा शेवटी जुगारच ना? जुगार करणाऱ्यांची संघटना आणि तिचं सभासदत्व. उद्या मटकेवाल्यांची काढा.

वकील_शहापूर
खानापुरी, नैतिक मत तुमचं तुमच्यापाशी. कायद्याचं म्हणाल तर १९९६ साली सुप्रीम कोर्टानं तमिळनाडूच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नुसत्या नशिबाचा नाही. मटक्यात आकड्याला वंशावळ नसते, की कुणी त्याला पहाटे उठून पळवत नाही.

आता दत्ताच्या गावच्या प्रकरणाबद्दल, कारण मला तेच जास्त नाजूक वाटतं.

कर्नाटकात संस्था नोंदवायची तर १९६० चा सोसायटी नोंदणी कायदा लागतो. कमीत कमी सात माणसं हवीत. नोंदणी जिल्हा निबंधकाकडे, आणि दरवर्षी सभा, हिशेब, पदाधिकाऱ्यांची यादी द्यावी लागते. निम्म्या संस्था पहिल्या वर्षी उत्साहात नोंदवतात आणि पुढं हे कागद देत नाहीत. सेक्रेटरी होणार असशील तर हे तुझ्याच डोक्यावर. दुसरं, तुमच्यात कागलकडची माणसं असणार. तिकडचा कायदा वेगळा. दोन्हीकडची मंडळी सभासद होऊ शकतात, पण संस्था एका राज्यातच नोंदवावी लागेल. कुठल्या, हे आधी ठरवा. नाहीतर पहिल्याच सभेत महाजन आयोग निघेल.

आणि सर्वांत महत्त्वाचं. १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या कायद्यात तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटकानं केलेल्या दुरुस्त्या मान्य केल्या, सगळ्यांनी फटाके लावले. पण कर्नाटकाची दुरुस्ती कंबळा (चिखलातली रेड्यांची शर्यत) आणि बैलांच्या शर्यतींबद्दल आहे. घोडागाडीचं नाव त्यात नाही. म्हणजे तुमची संघटना झाली म्हणून शर्यतीला आपोआप परवानगी मिळते असं समजू नका. लेटरहेड म्हणजे परवाना नव्हे.

चंदीवाला
वकीलसाहेब, बरोबर बोलूलालाय. आता आमचं बी ऐका.

आमच्या घरात आजोबापासनं घोडी हाईत. आजोबाचा टांगा होता, बानं टांगा सोडला खरं घोडं सोडलं नाही. मी गाडी पळवतो. अकोळ, गळतगा, बेनाडी, तिकडं रायबागपर्यंत जातो. आमच्यात मालक कोण आणि ट्रेनर कोण हे असं कागदावर लिवलेलं नसतंय. काही घोडी मालकाच्या दारात असतात, काही माझ्यासारख्याकडं ठेवलेली. मी चंदी घालतो, खरारा करतो, पहाटे फिरवतो, मालक जत्रेदिवशी पांढरी टोपी घालून येतो आणि ढाल घेतो. ढाल त्याच्या शोकेसात, माझ्याकडं लीद. मग मला ट्रेनर म्हणायचं का गडी, ते तुम्हीच ठरवा.

दत्ताभाऊ म्हणतो दोघं एकत्र नकोत. तुमचं बेंगळुरात ठीक हाय, तिथं नियम हाईत, लायसन हाय. हितं वेगळी संघटना काढली तर मालकांची मोठी होईल, आमची पानपट्टीजवळ उभी राहील. एकत्र असली तर निदान एका सतरंजीवर बसाय मिळतंय.

आणि एक. काही मालक रेसमधनं निघालेलं घोडं स्वस्तात आणतात. उंचीला हे एवढं, बघून माणसं येडी होतात. खरं ते मऊ मातीवर पळलेलं असतंय, आमची शर्यत डांबरी रस्त्यावर. दोन जत्रा होत नाहीत तवर पुढच्या पायाची शीर सुजते. मग तेच घोडं वरातीला. मी मालकाला सांगून बघतो, माझं कोण ऐकतंय? संघटनेनं हे बंद करायचं असलं तर मी पहिली वर्गणी भरतो.

पुण्यातली_बेळगावकरीण
चंदीवाला दादा, तुमचं शेवटचं वाचून पोटात तुटलं. रेसमधून निवृत्त होणाऱ्या घोड्याचं पुढे काय, यावर आमच्याकडेही लोक फारसं बोलत नाहीत. नशीब असेल तर रायडिंग स्कूल, घोडी चांगल्या वंशाची असेल तर स्टड फार्म. बाकीच्यांचा माग मालकही काढत नाहीत. दत्तादादा, तुमच्या भागीदारी करारात हे लिहिलंय का? घोडी थांबल्यावर तिला कोण सांभाळणार, खर्च कोणाचा?

निपाणीचा_दत्ता
नाही लिहिलेलं. ती तीन वर्षांची आहे ताई, इतक्या लांबचा विचार चौघांपैकी कुणीच केलेला नाही. विचारतो आज.

पशुवैद्य_चिकोडी
उशिरा आलो, दिवसभर एका घोड्याच्या पोटदुखीत होतो.

तिथूनच सुरू करतो. घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे पोटात वायू धरला किंवा वाळक्या कडब्याचा गोळा अडकला की तो बाहेर काढायला त्याच्याकडे दुसरी वाटच नसते. आपल्याकडे उन्हाळ्यात नुसता कडबा, पाणी कमी, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी 'ताकद यावी' म्हणून एकदम पोटभर हरभरा. मग रात्री दोनला मला फोन. बेंगळुरात ट्रेनरकडे डॉक्टर जवळ असतो, दाणा मोजून असतो, शर्यतीनंतर औषधांची तपासणी होते. इथे शर्यतीआधी कोण कसलं इंजेक्शन टोचतं हे मला माहीत आहे, नावं घेत नाही.

संघटनेचा खरा उपयोग मला इथे दिसतो. धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक जनावर नाही, त्याची लस सगळ्यांनी एकाच दिवशी टोचून घेता येईल. ग्लँडर्सची तपासणी तर एकट्यानं करतच नाही कुणी. हा रोग माणसालाही होतो, लस नाही, आणि घोडा बाधित ठरला तर कायद्यानं त्याला संपवावं लागतं. म्हणून मालक रक्त द्यायलाच घाबरतात. पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. वीस-पंचवीस घोडी एका ठिकाणी आणलीत तर खात्याकडून नमुने घ्यायची व्यवस्था मी लावू शकतो. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला सगळीकडची जनावरं येतात, निदान त्याच्या आधी तरी हे व्हायला हवं.

आणि तो घोडा-बैल एका गाडीला जुंपायचा प्रकार. संघटना झाली तर पहिला ठराव त्याविरुद्ध करा. दोघांची उंची वेगळी, चाल वेगळी. बैल पळत नाही, फरफटतो.

खानापुरी
डॉक्टर, हे पटलं. जुगाराचं माझं मत कायम, पण लसीची संघटना असेल तर विरोध नाही.

टिळकवाडीचे_मामा
खानापुरी विरघळले. नोंद घ्यावी.

नालबंदाचा_नातू
एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

मालक झाले, ट्रेनर झाले, जॉकी झाले. मोतद्दार कुठे आहे? माझे आजोबा संस्थानी काळात पागेत नाल मारायचे, थोरले चुलते मुंबईला मोतद्दार म्हणून गेले. घोड्याला शिंक आली तर पहिलं त्यांना कळायचं. घोडा जिंकला की मालक लगाम धरून फोटोत, ट्रेनर शेजारी, आणि लगामाचं दुसरं टोक धरलेला माणूस वर्तमानपत्रात कापलेला. मोठ्या ठिकाणी या लोकांच्या युनियन असतात, पगारवाढीसाठी त्यांनी कामही थांबवलेलं आहे. मालकांच्या संघटनेत बसून दत्ता जेव्हा 'खर्च कमी करा' म्हणेल, तेव्हा तो खर्च म्हणजे पुष्कळदा याच माणसाचा पगार असतो.

म्हणून माझं मत दत्ता आणि रावसाहेब दोघांपेक्षा वेगळं. मालक-ट्रेनर एकत्र की वेगळे हा वाद श्रीमंतांच्या घरातला आहे. गावातली संघटना करणार असाल तर घोड्याला हात लावणारा प्रत्येक माणूस सभासद होऊ द्या. नालबंदसुद्धा. पायाची शीर का सुजते ते त्याला विचारा, नाल किती जाड आणि किती दिवसांनी बदलली यावर पुष्कळ असतं.

चंदीवाला
लाखातलं बोललास भावा. आमच्या भागात चांगला नालबंद एकच उरलाय, त्याची तारीख मिळेना झालीय.

रावसाहेब_अथणी
नातू, मुद्दा मान्य, पण सगळ्यांना सारखं मत दिलंस तर पैसे भरणारे मालक पहिल्या सभेनंतर येणार नाहीत. पैसा त्यांचाच आहे. हे कडू आहे, पण आहे.

नालबंदाचा_नातू
पैसा त्यांचा, पाठ आमची. चालायचंच.

वकील_शहापूर
भांडू नका, उपाय आहे. नियमावलीत कार्यकारिणीच्या जागा वाटून टाका: इतके मालक, इतके घोडी तयार करणारे, एक नालबंद, एक डॉक्टर सल्लागार. आणि मालक व घोडी सांभाळणारा यांच्यातला व्यवहार लेखी हवा. दाणा कुणाचा, औषध कुणाचं, बक्षिसात वाटा किती, घोडा मेला तर काय. साध्या दोन पानांचा नमुना मी करून देतो, फी नको, कुंदा चालेल.

कुंदाप्रेमी
आता कुठे चर्चा मुद्द्यावर आली.

निपाणीचा_दत्ता
सगळं दोनदा वाचलं. भागीदारांशीही बोललो.

बेंगळुरूच्या संघटनेत सभासद व्हायचं ठरलंय. पण भरायच्या आधी मागच्या वर्षीचा अहवाल आणि नियमावली मागवली आहे, आणि भागीदारीत मत एक की चार हे विचारलं आहे. करारात घोडी थांबल्यानंतरचा खर्च घालायला तिघं तयार आहेत. चौथा म्हणतो 'आधी जिंकू तरी दे'.

गावातल्याबद्दल माझं मत बदललं नाही म्हणणं खोटं होईल, बदललं म्हणणंही पूर्ण खरं नाही. जिथे ट्रेनरला लायसन आहे, बिल छापील येतं, तिथे मालकांची वेगळीच बरी. आमच्या गावात एकत्र चालेल, पण वकीलसाहेबांच्या त्या दोन पानांवर सह्या झाल्याशिवाय मी सेक्रेटरी होणार नाही. चंदीवाला भाऊ, तुमचा मालक सही करेल का?

चंदीवाला
जत्रा जिंकल्यावर विचारतो. आधी विचारलं तर घोडं दुसऱ्याच्या दारात जाईल.

पशुवैद्य_चिकोडी
संघटना होईल तेव्हा होईल. रक्ताच्या नमुन्यांसाठी किती घोडी येतील तेवढं मला व्यनि (खाजगी निरोप) करा. बेळगावातल्या खात्याला आगाऊ कळवावं लागतं.

बेरकी
वर्गणी घोड्यामागे घेणार की माणसामागे?

टिळकवाडीचे_मामा
घोड्यामागे घ्या. दत्ताचा पाव घोडा, तो पाव वर्गणी भरेल.

वकील_शहापूर
मामा, थट्टा नाही, हे खरंच नियमावलीत ठरवावं लागेल. दत्ता, भागीदारीतल्या घोड्याला एक सभासदत्व की चार, हे लिहून घे.